यजमान पहिल्या पंगतीला

आमच्या घरमालकांना लग्नाचं आमंत्रण द्यावं की देऊ नये, या प्रश्नावरून नवेगाव बांधच्या आसपासची निम्मी घरं भांडली असतील. न द्यावं तर मोठ्या माणसाचा अपमान, द्यावं तर मांडवात तमाशा. शेवटी लोक आमंत्रण देत आणि साहेबांची बस चुकू दे म्हणून मनातल्या मनात नवस बोलत. साहेबांची बस कधी चुकली नाही.

पांढरा कडक शर्ट, पांढरी पँट, पायात रबरी चप्पल. मांडवात आले की नवरानवरी कुठे आहेत हे बघायचे नाहीत, आधी पंगत बघायचे. एका बाजूच्या ओळीत माणसं जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली, की भरल्या पानावरचा हात धरून माणसं उठवायचे आणि पलीकडे नेऊन बसवायचे. "मांडव कलंडून राहिला काय जी साहेब?" असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "मांडव नाही कलंडत. मानसं कलंडतेत." जोडीच्या माणसाआधी कोणी हात धुवायला उठला, तर त्याच्यावर असा आवाज चढवायचे, की तो बिचारा उष्टा हात घेऊन परत बसायचा.

इतकं लोक सहन करायचे. पण त्यापुढचं सहन होत नसे. आपल्याकडे मुलीचा बाप शेवटी जेवतो. सगळं गोत जेवलं, आचारी जेवला, बँडवाले जेवले, की मग घरचे लोक उरलंसुरलं घेऊन बसतात, हीच रीत. साहेब मात्र वाढपाकडे धावणाऱ्या त्या बापाचं मनगट पकडायचे आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर नेऊन बसवायचे. "यजमान पहिल्या पंगतीला!" तो माणूस लाजेने अर्धा होऊन भातात नुसता हात घालून बसायचा. देवरीकडच्या एका लग्नात नवरीच्या मामाने साहेबांची कॉलर धरली. "आमची इज्जत घालवून राहिले तुमी," तो ओरडला. साहेब शांतपणे म्हणाले, "इज्जत मंग पाहू. पहिले त्याले जेवू दे." आणि मुलीच्या बापाचं जेवण होईस्तोवर तिथेच पहारा देत उभे राहिले. मामाच शेवटी थकला.

मी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून तिथे बदलून आले, तेव्हा जिल्हा नवाच झाला होता. ऑफिसांच्या पाट्यांवर भंडारा खोडून गोंदिया लिहिण्याचं काम चाललं होतं. सोबत माझी माय. साहेबांच्या घराची पुढची बाजू आम्हाला भाड्याने मिळाली आणि मागच्या बाजूला ते एकटे राहत. ते मूळचे इथलेच, तलाव बांधणाऱ्या कास्तकारांच्या घराण्यातले. शेती पुतण्या करायचा. तरुणपणी हे मुंबईला गेले आणि जहाजावर अधिकारी झाले. लोक त्यांना कप्तान म्हणत, आणि ते दर वेळी दुरुस्त करत, "कप्तान नाही. थर्ड ऑफिसर." पोस्टमन, दूधवाला, मांजर, कोणाचीही सुटका नसे.

घराच्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी कडीचा विषय काढला, तर म्हणाले, "सिस्टर, कडी लावली का मानूस आत फसते." मग चोराचं काय, असं विचारलं. "चोर येते तं जाते. तेवढंच." माझ्या मायने बाजारातून कडी आणून स्वतःच्या हाताने ठोकली. दुसऱ्या दिवशी ती निघालेली होती आणि भोकांत व्यवस्थित मेण भरलेलं होतं. मायने पुन्हा ठोकली. असे ते दोघं महिनाभर कडीकडी खेळले. शेवटी माय दाराला पाटा टेकवून झोपायला लागली आणि साहेबांनी पाट्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं.

त्यांच्यावर एक बोल होता, तो आम्हाला पहिल्याच आठवड्यात शेजारणीने पुरवला. साहेब ज्या आगबोटीवर होते, ती कोकणच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली होती. फार माणसं गेली. त्या काळी पेपरांत पहिल्या पानावर तेच होतं, जत्रेत पोवाडेवाले त्यावर गायचे. त्या बोटीचं नाव मी इथे लिहीत नाही. साहेबांनी ते कधी घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ? कप्तान बोटीबरोबर गेला आणि थोर ठरला. मासेमारांनी माणसं वाचवली, त्यांचे सत्कार झाले. आणि आमचे साहेब? "बोट बुडून राहिली होती, अन् यानं लोकायले जेवाले बसवलं होतं म्हनते," शेजारीण म्हणाली. "चौकशी झाली. यानं बसवलं म्हनून मानसं बुडाली, असं निंघालं. मंग घरी आला." याला साहेबांनी कधी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर गाव त्यांना घाबरत नव्हतं, गाव त्यांना मनातून दोषी धरत होतं. आणि मला आज वाटतं, ते स्वतःही स्वतःला दोषीच धरत होते. हा बोल खरा की खोटा, एवढाच एक प्रश्न त्यांच्या सगळ्या वेडेपणाच्या मुळाशी होता.

मायला मात्र त्यांचं पंगतप्रेम बघून वेगळाच राग यायचा. त्याचं कारण जुनं होतं. छप्पन साली माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्याच्या आधीचं मायचं लहानपण. गावात कोणाच्या घरी लग्न असलं, की आमची माणसं मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसायची. आतली सगळी पंगत उठली की मग यांच्याकडे टोपलं यायचं. एकदा मायने, सात-आठ वर्षांची असेल, मांडवात रिकामं पान दिसलं म्हणून बसून घेतलं. तिला दंडाला धरून उठवलं. त्या दिवसापासून माय कोणाच्या पंगतीला बसली नाही. लग्नाला जायची, आहेर करायची, आणि उभ्यानेच परत यायची. आमच्याच माणसांच्या पंगतीतही बसायची नाही. म्हणायची, "मले वरून कोनी उठ म्हनन, असं वाटते."

म्हणून आमच्या भागात बुफे आला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या मायला झाला. हातात ताट, ज्याचं त्याने घ्यावं, पाहिजे तिथे उभं राहावं. साहेबांनी बुफे पाहिला आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मग अंगणात दोघांची जुंपली.

"हे काय जेवन आहे? गुरावानी उभ्यानं!" साहेब म्हणाले.

"गुरं बसूनच रवंथ करते साहेब," माय म्हणाली. "बुफेत कोनी कोनाले उठवत नाही."

"मी उठवून सोडत नाही. मी बसवतो."

"तुमी बसवा. आमाले उठवनारे बहुत भेटले."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना काय समजलं, किती समजलं, देव जाणे. त्या दिवसापासून त्यांनी मायला कोणत्याही लग्नात "बसा बाई" म्हटलं नाही. ती उभी असली की हे तिच्या बाजूने जाऊन मान हलवून यायचे, बस्स. मला तेव्हा त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आता तलावावरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय साहेब सांगून होत नाहीत. संक्रांतीनंतर बचत गटाच्या बायकांनी पलीकडच्या काठावर वनभोजनाला जायचं ठरवलं. एका ठेकेदाराची इंजिनवाली सपाट लोखंडी बोट होती, ती सांगितली. भाताचं गंज म्हणजे मोठं पातेलं, वरणाचं भांडं, वांग्याची भाजी, पत्रावळींचे गठ्ठे आणि आम्ही सगळ्या. नर्सबाई म्हणून मी, माझ्यासोबत माय. साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते काठावर उभे राहून बोटीकडे बघत होते, आणि बोट सुटता सुटता चढले. "जाकीट कुठी आहेत?" त्यांनी नावाड्याला विचारलं. "शेडमध्ये आहेत जी, सापानं घर केलं त्यात," नावाडी म्हणाला. साहेब मागच्या टोकाला जाऊन बसले, चेहरा असा की कोणी जवळ जाईना.

मध्यावर बोटीला खालून धक्का बसला. त्या तलावात जुन्या बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, इथल्या पोरांनाही ती माहीत असतात. नावाडी नवा होता. तळाचा पत्रा फाटला आणि पाणी आत यायला लागलं. जिथून पाणी येत होतं, तिथल्या बायका किंचाळून दुसऱ्या बाजूला धावल्या, त्यांना पाहून बाकीच्या धावल्या, आणि बोट त्या बाजूला अशी कलली की वरणाचं भांडं माझ्या पायावरून घसरत गेलं. पोहता येणारी आमच्यात एकही नव्हती.

"बसा! बसा!" साहेब ओरडले. कोण बसतंय? मरायच्या वेळी कोणी बस म्हटल्याने बसत नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि पुढचा शब्द निघत नव्हता. क्षणभरच असेल. मग मांडवातला तोच आवाज, पण दसपट मोठा आला.

"पंगत बसली! पानं मांडा!"

आणि बायका बसल्या. आजही मला ते आठवून हसू येतं आणि त्याच वेळी अंगावर काटा येतो. जन्मभर कानावर पडलेला शब्द पायांनी ऐकला. "मधात बसा, पाठीले पाठ लावून, दोन ओळी! कोनाचंच पान रिकामं नाही पायजे!" त्यांनी सतरंजी गुंडाळून फाटलेल्या जागी कोंबली आणि नावाड्याला तिच्यावर बसवलं. गटाच्या अध्यक्षीणबाईंना गुडघ्यांवर रांगत भात वाढायला लावला. कलंडलेली बोट हळूहळू सरळ झाली. पानावर भात पडल्यावर बाई उठत नाही, अन्नाचा अपमान होतो. रडत होत्या, बाळाला छातीशी धरून होत्या, एक तर खरंच जेवत होती, पण उठली कोणीच नाही.

एक माझी माय सोडून. ती काठाच्या पत्र्याला धरून उभी होती, आणि एवढ्याशा बोटीत तिचं उभं राहणंही जाणवत होतं. मी ओरडले, "माय, बस न व!" तिने मान हलवली. ती हट्टाने उभी नव्हती. पंगत हा शब्द ऐकल्यावर तिचे पाय वाकतच नव्हते, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. साहेब घोट्याइतक्या पाण्यातून तिच्यापर्यंत रांगत गेले. त्यांनी दंडाला हात लावला नाही. एक पत्रावळ घेतली, ओळीच्या टोकाला स्वतःच्या जागेच्या बाजूला मांडली, आणि म्हणाले, "बाई, हे पान तुमचं. माया बाजूचं. कोनी उठवनार नाही, मी आहो."

माय बसली.

लांबवर जाळी टाकणाऱ्या ढिवरांनी आमचा गलका ऐकला होता. लाकूड कोरून केलेले त्यांचे अरुंद डोंगे आले. साहेब एकेकीला नावाने नाही, जागेने उठवत होते. या ओळीचं टोक, त्या ओळीचं टोक, म्हणजे तोल जाऊ नये. नावाड्यालाही घालवलं. घोट्याच्या वर पाणी चढलं तेव्हा बोटीत मी, माय आणि साहेब उरलो. मला त्यांनी ओढून डोंग्यात घातलं. मग मायला म्हणाले, "उठा बाई."

"तुमी?"

"मी मागून येतो."

दुसरा डोंगा रिकामा उभा होता. मागून येण्याचं काही कारणच नव्हतं. मला वाटलं मायला ते दिसणार नाही, पण तिला ते माझ्या आधी दिसलं होतं. साहेब मांडी घालून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि उठायची काही तयारी नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी जिथे बसायला पाहिजे होतं असं त्यांना वाटत होतं, तिथे ते शेवटी बसले होते.

माय मांडी न मोडता म्हणाली, "साहेब, जोडीचा उठल्याशिवाय पानावरून उठू नाही. तुमीच शिकवता सगळ्यायले. तुमी उठा, मंग मी उठतो."

"बाई, बोट चालली आहे."

"जाऊ दे. मले घाई नाही."

पाणी त्यांच्या मांड्यांवर आलं. पत्रावळी तरंगायला लागल्या. मी डोंग्यातून ओरडून ओरडून घसा फोडून घेतला. माय माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेवटी साहेबांनी शिवी हासडली, जहाजावरची असावी, कारण आमच्या भागात ती मी कधी ऐकली नाही, आणि ते उठले. माय त्यांच्यासोबत उठली. दोघं एकाच डोंग्यात आले. मागे लोखंड गुडगुड आवाज करत खाली गेलं आणि भाताचं गंज तेवढं पाण्यावर डोलत राहिलं.

त्यानंतर माय पुष्कळ वर्षं जगली. माझं लग्न तिने पाहिलं, माझ्या मुलीला आंघोळ घालताना तिने शिव्या घातल्या, म्हातारपणी मोतीबिंदू काढून टीव्हीवर मालिका बघितल्या. त्यातला एकेक दिवस मला साहेबांनी दिला. त्यांच्या बाजूने पाहिलं, तर मायनेही त्यांना पुढची वर्षं दिलीच की. या देण्याघेण्याचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्यासमोर मी नुसते हात जोडले होते, आणि ते म्हणाले होते, "सिस्टर, पहिले त्या लेकुरवाळीले पाहा."

त्या दिवशी काठावर सगळी रडारड आणि मिठ्या चालल्या होत्या. साहेब मोहाच्या झाडाखाली एकटे बसले. मी ढिवरांकडून कोरडी चादर घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकली. माय ओल्या लुगड्यानेच त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, कारण तिला आडवळणाने विचारता येतच नसे.

"तवा काय झालं होतं?"

आणि ते बोलले. बोट कलली होती आणि माणसं अशीच एका अंगाला धावली होती. कप्तान वर, मागच्या डेकवर हे एकटे. बोटीवर लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांच्याजवळ पत्रावळी होत्या, बुंदीचे लाडू होते. "दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, पंगत बसवतो. बसले. बोट कलायची थांबली जी. मासेमार आले, एकेक ओळ उतरवली. सगळ्यायले म्हटलं होतं, मी म्हनीन तवाच उठायचं." ते थांबले. "मुलीचा बाप म्हने, साहेब, आमी यजमान. आमी शेवटी. मी म्हटलं, बरं. हेच म्हटलं मी. बरं. वऱ्हाडाचे पाहुने गेले, अनोळखी गेले, हे घरचे लोक शेवटच्या ओळीत बसून राहिले. बोट एकदम गेली. मले मासेमारानं केसाले धरून ओढलं. ते उठले नाही. मी उठा म्हटलंच नव्हतं न."

चौकशीत काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. आधीच्या ओळींतली किती माणसं त्यांच्यामुळे घरी पोचली, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारात घेतलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच ओळ बसून राहिली होती.

"मंग मीच मारलं न त्यायले?" साहेब म्हणाले.

माझ्या मायने ओला पदर पिळला. तिला खोटी समजूत घालता येत नसे, म्हणून मला भीती वाटली.

"ते तुमच्या भरवशावर बसले होते," ती म्हणाली. "भरवशानं कोनी बुडत नाही साहेब. बोट फुटली म्हनून बुडले. आज मी बी बसलो होतो न तुमच्या भरवशावर? जिंदगीत पहिल्यांदा बसलो. मले काय झालं? इथं बसून बोलून राहिलो तुमच्यासंग."

साहेबांनी चादर तोंडावर घेतली. मायने त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "नावं माहीत आहे का त्यायची?"

चादरीच्या आतून त्यांनी मुलीच्या बापाचं नाव सांगितलं. मायने ते नाव मोठ्याने म्हटलं. मग आईचं. मग नवरीचं. मग चुलत्याचं, आत्याचं, एका लहान मुलीचं. ते सांगत होते आणि माय एकेक नाव मोठ्याने म्हणत होती. काठावरच्या बायका एकेक करून गप्प झाल्या आणि जवळ आल्या. शेवटचं नाव होईपर्यंत तिथून कोणी हललं नाही.